सर्किटच्या युक्त्या कुठे शोधायच्या? झटका मशीनच्या डब्यापासून सुरुवात करू



आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघालं की हरभरा पेरतात, आणि हरभरा वर आला की मागोमाग रोही आणि रानडुक्कर येतात. रात्रभर जागल करायला आता घरात माणसं नाहीत. त्यामुळे रिसोडपासून कारंज्यापर्यंत कुठंही जा, धुऱ्यावर तार आणि खोपीत झटका मशीन दिसतंच. मशीन आलं की बॅटरी आली, सोलर प्लेट आली, चार्जर आला. आणि बिघाडही आला. माझ्या काउंटरवर हिवाळ्यात रोज दोन-तीन गिऱ्हाईक याच कामाचे असतात.

आता यात धंदा आहे हे आपल्या पोरांना बरोबर कळलंय. आयटीआय झालेला एक पोरगा गेल्या हंगामात माझ्याकडे आला. त्यानं झटका मशीनसाठी 'लो बॅटरी कटऑफ' चा डबा बनवला होता. बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की डबा लोड तोडतो, म्हणजे बॅटरी मरत नाही. कल्पना एक नंबर. वीस डबे विकलेसुद्धा. पण आठ दिवसांत फोन सुरू झाले, "भाऊ, तुमचा डबा रातभर टकटक करून राह्यला."

डब्यातला रिले सारखा चालू-बंद होत होता. सर्किट त्यानं एका व्हिडिओवरून घेतलं होतं. टेबलावर ते मस्त चालायचं. शेतात मात्र नाही.

आधी हिशेब बघा, कारण आपण इथं धंद्यासाठी जमलोय. डबा बनवायला समजा २८० रुपये लागले आणि ५५० ला विकला. सुटले २७०. आता ३५ किलोमीटरवरच्या गावात तो डबा बघायला गाडीवर गेलं तर जाऊन-येऊन दीडशेच्या वर पेट्रोल, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी ३०० धरा. म्हणजे एक डबा परत आला की जवळपास दोन डब्यांचा नफा गेला. वीसमधले सात परत आले तर निम्म्याहून जास्त नफा गेला, वर नाव गेलं ते वेगळंच. आणि हे सगळं कशासाठी? एका रेझिस्टरसाठी, जो सुटा घेतला तर एक रुपयाचा असतो.

ही गोष्ट मी का सांगतोय? तर त्या टकटकीवरचा उपाय लोकांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तो छापलेला आहे, मोफत आहे. त्या पोराला फक्त कुठे बघायचं ते माहीत नव्हतं. आजचा विषय तेवढाच.

टकटक का होते

बॅटरी ११.५ व्होल्टवर आली, डब्यानं लोड तोडला. लोड सुटला की बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर उडतो, जुनी बॅटरी आणि बारीक वायर असेल तर जास्तच. डब्याला वाटतं बॅटरी भरली, तो लोड जोडतो. जोडला की व्होल्टेज परत खाली. परत तोड. परत जोड. रातभर हेच.

यावरचा इलाज म्हणजे तोडायचा व्होल्टेज वेगळा आणि जोडायचा वेगळा ठेवायचा. याला हिस्टेरेसिस म्हणतात. ऑटो श्मिट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३० च्या दशकात, विद्यार्थी असताना, या प्रकारचं सर्किट काढलं. समुद्रातल्या स्क्विड नावाच्या प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना त्याला ते सुचलं. 'श्मिट ट्रिगर' हे नाव तिथूनच आलं.

आता आपल्या डब्यात ते कसं बसतं ते सांगतो. एलएम३९३ हा कम्पॅरेटर घ्या. मायनस पिनला टीएल४३१ मधून २.५ व्होल्टचा पक्का रेफरन्स. बॅटरीच्या प्लसवरून ४७ किलोओहम कम्पॅरेटरच्या प्लस पिनला, आणि त्या पिनवरून १२ किलोओहम ग्राउंडला. इथपर्यंत त्या पोराचंही बरोबर होतं. राहिला होता तो एकच: आउटपुटवरून परत प्लस पिनला ५६० किलोओहम. एवढा एक लावला की डबा साधारण ११.५ ला तोडतो आणि १२.५ ला जोडतो. मधलं अंतर काढायचं गणित सोपं आहे. वरचा रेझिस्टर गुणिले आउटपुटची झेप, भागिले फीडबॅकचा रेझिस्टर. ४७ गुणिले १२ भागिले ५६०, म्हणजे एक व्होल्ट. हे एक व्होल्टच का? तुमच्या बॅटरीवर लोड लावून आणि काढून मीटरवर फरक मोजा, त्याच्यापेक्षा हे अंतर मोठं पाहिजे. बस.

यात दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे एलएम३९३ चं आउटपुट 'ओपन कलेक्टर' असतं. ते स्वतःहून वर जात नाही, त्याला १० किलोओहमचा पुल-अप प्लसला लावावाच लागतो. दुसरा खड्डा जास्त फसवा. रिले चालवायला आउटपुटवर साधा एनपीएन ट्रान्झिस्टर थेट लावला, तर आउटपुट ०.७ व्होल्टच्या आसपास अडकतं. मग आउटपुटची झेप १२ व्होल्टची उरत नाही आणि तुमचा ५६० किलोओहम असून नसल्यासारखा होतो. म्हणून तिथं मॉस्फेट लावा, त्याचं गेट करंट ओढत नाही. व्हिडिओत सर्किट दिसतं, पण हा खड्डा सहसा कुणी दाखवत नाही. त्यासाठी वाचावंच लागतं.

मग वाचायचं काय?

मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. दुकान चालवता चालवता शिकलो. त्यामुळे खाली जे सांगतोय ते दुकानदाराच्या नजरेतून आहे: कमी वेळात, कमी पैशात, खात्रीचं काय मिळतं.

सगळ्यात आधी डेटाशीट. आपली पोरं डेटाशीट उघडतात, पिनचा नंबर बघतात आणि बंद करतात. खरा माल शेवटच्या पानांत असतो, 'टिपिकल ॲप्लिकेशन्स' या मथळ्याखाली. एलएम३९३ च्या जुन्या डेटाशीटमध्ये हिस्टेरेसिसवाल्या कम्पॅरेटरचं चित्र किमतींसकट छापलेलं आहे. न वापरलेल्या अर्ध्या भागाच्या इनपुट पिनांचं काय करायचं, तेही त्यात आहे (ग्राउंडला बांधा, लोंबकळत ठेवू नका). डेटाशीट नेहमी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. बाकी साइटवर जुनी, अर्धवट प्रत असते.

त्याच्यानंतर ॲप्लिकेशन नोट्स. आपल्या लोकांना हा प्रकार ठाऊकच नाही, आणि मला विचाराल तर सगळा खजिना इथंच आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना चिप विकायची असते. म्हणून त्यांचे सगळ्यात हुशार इंजिनिअर बसून लिहितात, की आमच्या चिपपासून हे असं बनवा, इथं चुकाल, इथं हा कपॅसिटर लावा. आणि हे फुकट देतात. नॅशनल सेमिकंडक्टरची 'एएन-३१' ही नोट म्हणजे ऑप-अँपच्या सर्किटांचा नुसता संग्रह आहे, पानामागून पान चित्रं आणि किमती. नॅशनल २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं विकत घेतली, त्यामुळे ती आता टेक्सासच्या साइटवर शोधा. लिनिअर टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली, तिच्या नोट्स तिथं. हे विकत घेण्याचं लक्षात ठेवा, नाहीतर जुन्या नावानं शोधत बसाल आणि मिळणार नाही. टेक्सासचं 'ॲनालॉग इंजिनिअर्स सर्किट कुकबुक' पण उतरवून घ्या. त्यात प्रत्येक सर्किट कसं डिझाइन करायचं ते पायरी-पायरीनं दिलंय, स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं.

या नोट्स लिहिणाऱ्यांत दोन नावं माहीत पाहिजेत. लिनिअर टेक्नॉलॉजीचे जिम विल्यम्स आणि नॅशनलचे बॉब पीझ. विल्यम्सच्या नोट्समध्ये मोजमाप कसं घ्यायचं, प्रोब कुठं धरायचा, यावर पानंच्या पानं आहेत. पीझ यांचं 'ट्रबलशूटिंग ॲनालॉग सर्किट्स' हे १९९१ चं पुस्तक तर रिपेअरिंगवाल्यांसाठीच आहे: डायोड कसा फसवतो, कपॅसिटर कसा खोटं बोलतो, असं एकेका पार्टवर. दोघंही जून २०११ मध्ये गेले, सहा दिवसांच्या अंतरानं. विल्यम्स यांच्या स्मरणार्थ जमलेल्या कार्यक्रमातून परतताना पीझ यांच्या गाडीला अपघात झाला. माणसं गेली, लिहिलेलं राहिलं, आणि ते मालेगावच्या बसस्टँडवर उभं राहून मोबाइलवर वाचता येतं.

पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. डिप्लोमाच्या पोरांनी रमाकांत गायकवाड यांचं 'ऑप-अँप्स अँड लिनिअर इंटिग्रेटेड सर्किट्स' नाव ऐकलेलं असतं. पाया पक्का करायला ते चांगलं. होरोविट्झ आणि हिल यांचं 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' महाग आहे. तिसरी आवृत्ती २०१५ ची, पण १९८९ ची दुसरी आवृत्ती जुन्या पुस्तकांत मिळाली तरी घ्या. तिच्या प्रकरणांच्या शेवटी 'बॅड सर्किट्स' नावाचं पान असतं. न चालणारी सर्किटं काढून ठेवलीत, का चालत नाही ते तुम्ही शोधायचं. दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा ते एक पान जास्त शिकवतं. ५५५ टायमर ज्यानं बनवला त्या हान्स कॅमेंझिंड यांचं 'डिझायनिंग ॲनालॉग चिप्स' इंटरनेटवर मोफत आहे, पण ते चिपच्या पोटातलं आहे. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे दिल्लीचं मासिक १९६९ पासून निघतंय. त्यातल्या सर्किट आयडियाजचा फायदा असा की पार्ट आपल्याकडे मिळणारे असतात. कल्पना तिथून घ्या, किमती मात्र डेटाशीटवरून तपासा. मासिकातलं सर्किट तुमच्या डीपीवरच्या व्होल्टेजला तपासलेलं नसतं.

व्हिडिओच पाहिजे असेल तर एनपीटीईएल. आयआयटी मुंबईच्या प्रा. महेश पाटील यांचा 'बेसिक इलेक्ट्रॉनिक्स' आणि बंगळूरच्या आयआयएससीचे हार्दिक पंड्या यांचा ऑप-अँपच्या प्रॅक्टिकल वापरावरचा कोर्स, दोन्ही मोफत. (हे पंड्या क्रिकेटवाले नव्हेत, बॅचमध्ये दरवेळी कुणीतरी विचारतंच.) इंग्रजी आहे पण सावकाश आहे. स्पीड कमी करा, सबटायटल लावा. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' मध्ये बऱ्याच सॉफ्टवेअरचं शिक्षण मराठी आवाजात मिळतं, आणि तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाचं 'ई-सिम' हे सर्किट तपासायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. ॲनालॉग डिव्हायसेसचं 'एलटीस्पाइस' पण मोफत. वरचा कटऑफ सर्किट मी सांगतो म्हणून मानू नका, सिम्युलेशनमध्ये काढून बघा. अर्धा तास लागतो.

आणि एक जागा जिला कुणी लायब्ररी म्हणत नाही: भंगार. चांगल्या कंपनीचा जुना स्टॅबिलायझर, जुना यूपीएस, जुना टीव्ही उघडा. जो पार्ट तुम्हाला फालतू वाटतो, त्याच्यावर बोट ठेवा आणि विचारा की कंपनीनं हा पैसा का घातला असेल. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड का? कॉन्टॅक्टवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी का? कंपनीचा हिशेबनीस एक-एक पैसा कापत असतो. तरीही तो पार्ट टिकला, म्हणजे त्याला काम आहे.

शोधायचे शब्द

खरी अडचण भाषेची आहे, हे मी बॅच घेताना दरवेळी बघतो. 'मोटर ऑटो स्विच सर्किट' टाकलं की व्हिडिओच येणार. 'रिले टकटक करतो' असं टाकलं की काहीच येणार नाही, कारण ज्यानं उपाय लिहिला त्यानं त्याला टकटक म्हटलेलं नाही. तो म्हणतो 'रिले चॅटर'. म्हणजे बिघाडाचं इंग्रजी नाव कळलं की अर्धं काम झालं. रिले कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, त्यासाठी शब्द 'स्नबर'. रिले सोडताना ट्रान्झिस्टर जळतो, 'फ्लायबॅक डायोड'. लाइन आली-गेली की सर्किट भरकटतं, 'ब्राउनआउट' आणि 'डीकपलिंग'. बटण एकदा दाबलं तर दोनदा मोजतं, 'डीबाउन्स'. वीज कडाडली की इनपुट जातं, 'सर्ज प्रोटेक्शन' आणि 'एमओव्ही'. लांब वायरीवर खोटा सिग्नल येतो, विहिरीच्या लेव्हल सेन्सरला हे हमखास होतं, 'नॉइज फिल्टर'. या शब्दाच्या पुढे 'ॲप्लिकेशन नोट' जोडा आणि मग शोधा. फरक लगेच दिसेल. स्पेलिंग येत नसेल तर मोबाइलला बोलून विचारा, तो लिहून देतो.

इंग्रजी वाचायची भीती वाटते असं बरेच जण म्हणतात. अरे, ॲप्लिकेशन नोटमध्ये कादंबरी नसते. चित्र असतं, किमती असतात, आणि एकेक ओळ असते. पहिल्या दोन नोट्सना चार-चार तास लागतील. नंतर शब्द तेच तेच येतात.

चिपच्या नावातला उन्हाळा

एक गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नाही, डेटाशीटमध्ये मात्र पहिल्याच पानांत असते. एलएम३९३ ही ० ते ७० अंशांसाठी बनवलेली चिप आहे. तुम्ही म्हणाल, ७० कुठं होणार? आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ असतं. पत्र्याचा बंद डबा, उघड्यावर, वर सोलर चार्जरची स्वतःची गरमी. आतला आकडा एकदा थर्मामीटर ठेवून बघाच. त्याच चिपचा दणकट भाऊ म्हणजे एलएम२९०३. पिना त्याच, सर्किट तेच, टेक्सासच्या डेटाशीटप्रमाणे उणे ४० ते १२५ अंशांपर्यंत. एलएम३५८ चा तसाच भाऊ एलएम२९०४. फरक दोन-पाच रुपयांचा. कपॅसिटरचंही तेच. ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा लावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा साधा नियम आहे, तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट.

माल कुठून घ्यायचा? पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन अधिकृत विक्रेता. फार स्वस्त मिळाला की दहा पीस आणून आधी तपासा. हजार एकदम घेऊ नका.

कॉपी कुठं करायची नाही

झटका मशीनचं मुख्य सर्किट, म्हणजे तारेत झटका सोडणारं, ते व्हिडिओवरून बनवून विकू नका. माझं यावर मत पक्कं आहे. आयईसी ६०३३५-२-७६ हा याचा आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे. त्यात ५०० ओहमच्या लोडवर एका झटक्यात जास्तीत जास्त ५ ज्यूल ऊर्जा आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त झटका नाही, अशा मर्यादा घातल्यात. झटक्यामध्ये माणसाला हात सोडवायला वेळ मिळतो तो यामुळेच. हे मोजायची साधनं तुमच्याकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. आणि घरची लाइन थेट तारेला जोडणं तर गुन्हाच आहे. त्यानं माणसं मेलीत, आपल्या विदर्भात दर हंगामात अशी बातमी वाचायला मिळते. कटऑफ बनवा, चार्जर बनवा, तार तुटल्याचा अलार्म बनवा. जीव जाईल तिथं प्रमाणित मशीनच विका आणि त्याची सर्व्हिस द्या. त्यातही पैसा आहे.

राहिली गोष्ट हक्काची. कंपनीच्या नोटमधलं सर्किट तुम्ही वापरावं म्हणूनच छापलेलं असतं, तरी नोटच्या शेवटच्या अटी वाचून घ्या. मासिकातला लेख किंवा पीसीबीचं चित्र जसंच्या तसं उचलून आपल्या नावानं छापू नका. बोर्ड स्वतः काढा.

बँकेत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन गेलात तर साहेब मशिनरीचं कोटेशन मागतील, जागेचे कागद मागतील. सर्किट कुठून घेतलं हे कुणी विचारणार नाही. ते गिऱ्हाईक विचारतं, तेही डबा बंद पडल्यावर. म्हणून एक शंभर पानी वही करा. एका युक्तीला एक पान. सर्किट, किमती, कुठल्या नोटमधून घेतलं तिचा नंबर, आणि खाली मोकळी जागा. शेतातून डबा परत आला की त्या मोकळ्या जागेत तारीख आणि कारण लिहायचं.

त्या पोरानं वीसही डब्यांना ५६० किलोओहम आणि मॉस्फेट बसवला. गावोगाव स्वतः जाऊन, पैसे न घेता. आता तो हरभऱ्याच्या आधी नवीन पन्नास करतोय, एलएम२९०३ वर. त्याआधी एक नमुना डबा माझ्या दुकानाच्या पत्र्यावर ठेवलाय. रोज दुपारी दोन वाजता तो आतलं तापमान आणि तोडायचा-जोडायचा व्होल्टेज लिहितो. पंधरा दिवसांचे आकडे पूर्ण झाले की पुढच्या व्हिडिओत डबा उघडून दाखवू. तोपर्यंत एलएम३९३ ची डेटाशीट उतरवा आणि शेवटची चार पानं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट करून घ्या.